शुद्धतेची प्लेट

"आज तुम्ही करा गुरव, माझा हात स्थिर नाही," असं म्हणून मगदूम बाईंनी बाहेरच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा माझ्यापुढे सरकवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मदरच्या, म्हणजे मूळ जिवाणू जपलेल्या, नळीला त्या दुसऱ्या कुणाला बोटसुद्धा लावू देत नसत. चार वर्षांत मी ती नळी फक्त फ्रीजमधून काढून त्यांच्या हातात दिली होती, आणि त्यांच्या हातातून घेऊन परत फ्रीजमध्ये ठेवली होती.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल, जानेवारीची एकोणीस तारीख, बुधवार. अकरा वाजून गेले होते. हंगाम ऐन भरात, गव्हाणीवर बैलगाड्यांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास आणि जिथं बघाल तिथं उसाचा भुसा. साखर कारखान्यात जिवाणूंची प्रयोगशाळा आहे म्हटलं की लोकांना वाटायचं, हे लोक साखरेतले किडे शोधतात. तसं नव्हे. आम्ही जिवाणू वाढवायचो. उसाचं बेणं लावण्याआधी त्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवलं की ते मुळांशी मुक्काम करतात, हवेतला नत्र धरतात आणि उसाला देतात. युरियाची पोती कमी लागतात. प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या, आणि माणसंही तीनच. प्रमुख पद्मजा मगदूम, त्यांच्या हाताखाली मी श्रीधर गुरव, आणि नळ्या धुवायला ज्ञानूमामा. मामांची तेव्हाच साठी उलटलेली दिसत होती, पण कागदोपत्री ते बावन्न वर्षांचे होते.

सगळ्यात आतली खोली ती खरी. दहा बाय आठ, पंखा नाही, खिडकी उघडायची नाही. तिथं दिव्याच्या ज्योतीपाशी नळ्या उघडायच्या, जुन्या नळीतला जिवाणू तारेच्या टोकावर घ्यायचा आणि नव्या नळीत ओढायचा. हवेतून एक कण आत पडला की संपलं. म्हणून बाईंनी दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली होती : "ज्योतीपाशी बोलू नये." अक्षर त्यांचंच, त्यांच्या तारखांतल्या नवांसारखी शेपटं लांब ओढलेली. माणूस बोलला की तोंडातून किती जीव उडतात हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. बाहेरच्या खोलीत उघड्या प्लेटसमोर, म्हणजे जिवाणूंचं खाद्य ओतलेल्या काचेच्या बशीसमोर, मला शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावले. दोन दिवसांनी त्या प्लेटवर इतकं काही उगवलं, की मी आठवडाभर मामांशीही तोंडावर रुमाल धरून बोलत होतो.

तेव्हापासून त्या खोलीत आम्ही दोघं तासन् तास शेजारी बसायचो आणि अवाक्षर काढायचो नाही. बाहेर आलो की मामा असायचे, शेती विभागाचे लोक असायचे, दार सताड उघडं असायचं. कारखान्याच्या वसाहतीत एखाद्या बाईशी दोन मिनिटं हसून बोललं तरी संध्याकाळपर्यंत चाळीस घरांत त्याचा चहा व्हायचा. म्हणजे आम्ही दोघंच असू अशी जागा एकच, आणि तिथं बोलायला बंदी. ही बंदी मला फार सोयीची होती, हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

बाई सांगलीहून रोज एसटीने यायच्या. जैन घर. त्यांची आज्जी त्यांना विचारायची, "दिवसाला किती जीव मारतेस गं तू?" आणि या सांगायच्या, "मारत नाही आज्जी, वाढवते." ते अगदी खोटं नव्हतं. खराब झालेल्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेवर मारायच्या असत. त्याचं बटण बाईंनी कधी दाबलं नाही. जाळी माझ्याकडे द्यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, मारायचं काम तुमचं." मी गुरवाचा मुलगा, घरी देवळाची पूजा, पण पोटात सगळं चालतं. मी खुशाल बटण दाबायचो.

आता त्या नळीबद्दल. तिचं नाव त्र्याहत्तर, कारण तो आमचा त्र्याहत्तरावा नमुना. नदीकाठच्या गावांत पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या होत्या; उन्हात पांढऱ्याफेक दिसायच्या. विद्यापीठाकडून आणलेले जिवाणू तिथं आठ दिवसांत मरायचे. मग आम्ही दोन हंगाम कारखान्याच्या जीपमधून हिंडलो. एका शेतात सगळं मीठ फुटलेलं, आणि मधेच वाफाभर ऊस हिरवागार. बाई तिथं गुडघ्यावर बसून मुळं खणायला लागल्या, तेव्हा शेतमालक म्हणाला, "बाई, आवो ततं काय बी न्हाई गावायचं, त्यो ऊस उगंच हट्टानं उभा हाय." बाई माझ्याकडे बघून हसल्या. मातीचा हात कपाळाला लागलेला त्यांना कळला नव्हता आणि मी सांगितलं नाही. तो डाग परतीच्या वाटेवर कारखान्यापर्यंत तसाच होता. त्या मुळांतून निघालेला जिवाणू म्हणजे त्र्याहत्तर. मिठात तग धरणारा.

त्याच्या बारा नळ्या आम्ही जपल्या होत्या. डिसेंबरात आतल्या खोलीची काच तडकली आणि मी तिथं पुठ्ठा चिकटवला. नीट चिकटवला नाही. भुशाबरोबर बुरशी आत आली, आणि महिन्याभरात अकरा नळ्यांवर हिरवी-काळी लव उगवली. एकच स्वच्छ राहिली. मुख्य शेती अधिकारी दारात उभे राहून सांगून गेले, "सुरूच्या उसाची लागण फेब्रुवारीत संपायच्या आत कल्चर द्या, न्हाईतर खोल्या स्टोअरला देऊन टाकतो. गोणपाटं ठेवायला जागा न्हाई आमच्याकडं." बाई मला पुठ्ठ्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर त्या बुधवारी, त्या शेवटच्या नळीतून चार नव्या नळ्या आणि एक शुद्धतेची प्लेट करायची होती. प्लेट अशासाठी, की तिच्यावर दुसरं काहीही उगवलं तर कळावं. तिच्यावरचं माध्यम जिवाणूंच्या बाबतीत आपपर मानत नाही, जो येईल त्याला जेवायला वाढतं.

आत जाण्याआधी बाहेर चहा झाला. बाई मामांना म्हणाल्या, "उद्या मी येणार नाही, मामा."

"का वो बाई? बरं न्हाई का?"

"घरी पाव्हणे येणार आहेत."

"आँ! पाव्हणं म्हंजे… बघायला?" मामांची बत्तीशी दिसली. "कुठलं?"

"इचलकरंजीचे."

हे सगळं त्या मामांना सांगत होत्या आणि बघत माझ्याकडे होत्या. मी नळ्यांवर चिकटवायच्या कागदाच्या पट्ट्या कापत होतो. म्हणालो, "शुक्रवारी वेळेवर या म्हणजे झालं. प्लेट बघायची आहे." मामा हसले. मला वाटलं, छान विनोद झाला.

मग आम्ही आत गेलो. दार लावलं. हात स्पिरिटने पुसले, तोंडाला कापड बांधलं. दिवा पेटवला. त्या माझ्या डावीकडे बसल्या, नळ्या हातात द्यायला आणि तारीख लिहायला. मी तार ज्योतीत लाल केली, थंड होऊ दिली, करंगळीत कापसाचं बूच धरून नळी उघडली. माझ्या हातात त्या वेळी सगळ्या क्षारपड पट्ट्याचं नशीब आहे अशी माझी समजूत होती, आणि थोडीफार ती खरीही होती.

"गुरव," बाई म्हणाल्या.

त्या खोलीत चार वर्षांत उच्चारलेला तो पहिला शब्द. मी वळून पाहिलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढं दिसलं, की त्यांनी तोंडावरचं कापड खाली ओढलं होतं.

"तुम्ही बाहेर ऐकलंच. मुलगा चांगला आहे म्हणतात. मला तीस पुरी झाली, घरचे आता थांबणार नाहीत. मी अजूनही नको म्हणू शकते. आमच्या घरी गोंधळ होईल, तुमच्या घरीही होईल, ते मी बघून घेईन. पण नको कुणासाठी म्हणायचं ते मला माहीत पाहिजे. नुसत्या अंदाजावर मी नको म्हणणार नाही."

ज्योत थोडी हलली. त्यांच्या श्वासाने असेल.

"बोलता येत नसेल तर मान हलवा," त्या म्हणाल्या.

बाहेर मामा नळ्या विसळत होते, काचेवर काच वाजत होती. मी तार पुन्हा लाल केली. मला आठवतं, तोंडावरचं कापड ओठांना चिकटलं होतं. चार वर्षं जे माझं मनातल्या मनात शंभर वेळा म्हणून झालं होतं, त्याला फक्त एक मान पुरणार होती. मी हातातलं काम पुरं केलं. प्लेटवर झाकण ठेवलं. आणि कापडाच्या आडून जे बोललो ते एवढंच :

"तारीख घाला."

बाईंनी पेन उचललं. पट्टीवर लिहिलं, १९-१-९४. दोन्ही नवांची शेपटं लांब. पट्टी प्लेटला चिकटवली, नख फिरवून नीट बसवली, मग कापड तोंडावर ओढून घेतलं आणि नळ्या उचलल्या.

बाहेर मामांनी विचारलं, "झालं का वो?"

"झालं," बाई म्हणाल्या. बाराचा भोंगा झाला. दुपारच्या एसटीने त्या गेल्या.

गुरुवारी मी रजा टाकली. कारखान्याच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. सांगलीची गाडी दोनदा आली, दोनदा गेली. दुसऱ्या वेळी कंडक्टर म्हणाला, "येनार का न्हाई, साहेब?" मी हात हलवून त्याला जाऊ दिलं. मी स्वतःला समजावत होतो, की यात माझी काय चूक? मदरची नळी उघडी होती. शेवटची नळी. मी तोंड उघडलं असतं तर चार वर्षांचं काम मातीत गेलं असतं. नियम त्यांचाच, पाटी त्यांचीच. हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? त्या समजून घेतील. शुक्रवारी आल्या की बाहेर, मामांना काहीतरी आणायला पाठवून, सांगू. या विचाराने मला इतकं हलकं वाटलं, की मी घरी जाऊन पोटभर जेवलो आणि झोपलो.

शुक्रवारी बाई माझ्याआधी आल्या होत्या. इन्क्युबेटरमधून चारही नळ्या आणि प्लेट काढून खिडकीपाशी उजेडात धरून बघत होत्या. साडी रोजचीच. चेहराही रोजचा.

"नळ्या चारही स्वच्छ," त्या म्हणाल्या. "त्र्याहत्तर वाचला."

"वाचला!" मामा म्हणाले, आणि साखर आणायला म्हणून कँटीनकडे निघाले. मी त्यांना पाठवण्याआधी ते आपणहून गेले, हे मला शुभ वाटलं.

"प्लेट बघा."

प्लेटवर आमच्या जिवाणूच्या पांढुरक्या, चिकट वसाहती रांगेत उठल्या होत्या. आणि कडेला, डाव्या बाजूला, मोहरीएवढा एक पिवळा ठिपका. लिंबासारखा पिवळा, गोल, चकचकीत. बाईंनी आधीच त्याची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. मी डोळा लावला. गोल गोल पेशी, चार-चारच्या जुडीत.

"कातडीवरचं किंवा तोंडातलं," त्या म्हणाल्या. "माझंच. डावीकडे मी होते."

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. त्यांनी एक नळी पुन्हा उजेडात धरली, फिरवली, आणि खाली ठेवली.

"नळ्यांत एकही नाही. फक्त प्लेटवर. म्हणजे मी बोलले तेव्हा नळ्यांना बुचं लागून झाली होती, गुरव. उघडी होती ती नुसती प्लेट."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. एखादं निरीक्षण सांगावं तसं म्हणाल्या, आणि म्हणूनच त्यातून पळायला जागा राहिली नाही. कारण तसंच होतं. आता मला आठवलं. मदरची नळी मी उघडली, चारही नळ्यांत रेघा ओढल्या, एकेकीला बूच लावलं, मदरलाही लावलं, स्टँडमध्ये ठेवली. मग प्लेटचं झाकण उचललं. आणि तेव्हा त्या बोलल्या. त्या थांबल्या होत्या. हात थरथरत असताना, आयुष्याचा प्रश्न ओठांवर असताना ती बाई चार नळ्यांना बुचं लागेपर्यंत थांबली होती. धोक्यात काहीच नव्हतं. प्लेट दुसरी करता आली असती, दहा मिनिटांचं काम. नळी उघडी होती हे मी एका दिवसात रचलं होतं आणि त्यावर विश्वासही ठेवला होता. मी बोललो नाही तो फक्त भित्रेपणा होता.

"बाई—" मी म्हणालो.

"काल संध्याकाळी हो म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये आहे."

"अभिनंदन," मी म्हणालो. हा शब्द मला आजही कुठे ऐकू आला तर मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. "ही दूषित आहे. ऑटोक्लेव्हला घाला. मारायचं काम तुमचं."

मामा साखर घेऊन आले. आम्ही तिघांनी चिमूट चिमूट खाल्ली.

मी ऑटोक्लेव्ह लावला, पण प्लेट त्यात घातली नाही. त्या दुपारी सगळे गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन मी त्या पिवळ्या ठिपक्याला तार लावली आणि एका नव्या नळीत ओढला. प्लेटवरची तारखेची पट्टी हळूच सोडवून नळीला चिकटवली. जिवाणूचं नाव लिहिलं नाही. काय लिहिणार?

मार्चमध्ये लग्नाला गेलो. भिंतीवरचं घड्याळ दिलं आहेरात, जेवून आलो. त्या नंतर तिकडेच एका कॉलेजात शिकवायला लागल्या, दोन मुलं झाली, एवढं कानावर येत गेलं. पुन्हा भेट झाली नाही. तो ठिपका श्वासातूनच आला असेल असं काही नाही. फटीतून भुशाबरोबर आला असेल, माझ्याच हातावरचाही असेल. शास्त्र मला तेवढी शंका घ्यायची मुभा देतं, पण ती मी कधी घेतली नाही.

त्र्याहत्तरने नाव काढलं. त्या सुरूला चारशे एकरांत गेला, पुढे हजारांत. क्षारपड पट्ट्यात ऊस दिसायला लागला. काच बसली, मोठी यंत्रं आली, माझ्या नावापुढे प्रमुख लागलं. सत्कार झाले, शाली मी मामांना देत गेलो, मामा गेल्यावर कपाटात ठेवत गेलो. घरच्यांनी मुली दाखवल्या, मी नाही म्हणत राहिलो, आणि मग एक दिवस दाखवणारेच उरले नाहीत. वसाहतीतल्या दोन खोल्या. सकाळी एक वाटी भात लावायचा, तो दोन वेळा पुरायचा. रविवारी कधी कधी ध्यानात यायचं, की काल दुपारपासून आपण एकही शब्द बोललो नाही. बोलून बघायचो, काहीही, "दूध आणलं पाहिजे" असं, तर आवाज घोगरा यायचा. माणसांवाचून जगायची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही. मी नुसता जगत राहिलो.

दर दोन महिन्यांनी आतल्या खोलीत त्र्याहत्तर नव्या नळीत घ्यायचो, आणि त्याच्यामागून ती पिवळी. पट्टी जुन्या नळीवरून नव्या नळीवर. पुढे पट्टीचा गोंद गेला, तेव्हा वरून चिकटटेप लावला. फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे, कुणाला दिसू नये अशी ठेवायचो. जिवाणूचं आयुष्य ते केवढं. दोन महिन्यांत किती पिढ्या होऊन जात असतील. मी मात्र तोच होतो.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी अस्मिता कांबळेला सगळं सोपवत होतो. पोरगी हुशार, चोख, हाताने अतिशय स्थिर. नोंदवही घेऊन ती फ्रीजमधली एकेक नळी तपासत होती. खालच्या कप्प्यातून तिने ती काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली.

"सर, ही कुठली? नोंदवहीत नाही. नुसती तारीख आहे. आणि हे तुमचं अक्षर नाही."

"दूषित आहे ती," मी म्हणालो. "माणसाच्या श्वासातून आलेली."

"चौऱ्याण्णवची?" ती हसली. "सर, माझा जन्मसुद्धा झाला नव्हता. मग ऑटोक्लेव्हला टाकू?"

"नको."

तिने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या चिकटटेपच्या थरांवरून तिने अंगठा फिरवला. पोरीला काहीतरी कळलं असावं, कारण ती हसायची थांबली. नोंदवही मिटून तिने बाजूला ठेवली.

"कुणाचा श्वास, सर?"

दुपारची वेळ. तिघांपैकी कुणीच उरलं नव्हतं, माझ्याशिवाय. दार लावलेलं, दिवा विझलेला. टेबलावर चाळीसेक नळ्या होत्या आणि सगळ्यांना बुचं लागलेली होती. ती शांतपणे वाट बघत होती, मला पाहिजे तेवढा वेळ द्यायची तिची तयारी होती. नाव घ्यायचं होतं फक्त. तीन अक्षरं. ती ओठांपर्यंत आली, हे मी शपथेवर सांगतो.

"नव्या नळीत घ्या," मी म्हणालो. "आणि आजची तारीख घाला."